नळाच्या पोटांतील लाटा

शहरांतील नळाचें पाणी दिवसभर बंद राहून सायंकाळीं परत आलें म्हणजे नळ प्रथम कसा वागतो, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. आधीं नुसता फुसकारा येतो, मग पाण्याचा एक हबका बादलीबाहेर उडतो, पुन्हां वारा, पुन्हां हबका. आणि नळाखालीं भांडें धरणाराचें मनगट त्या धक्क्यानें हालतें. घरांतील मुलें म्हणतात, नळाला खोकला झाला. मोठीं माणसें 'नळांत हवा शिरली आहे' एवढें सांगून मोकळीं होतात. हें उत्तर खोटें नाहीं. पण त्यानें जिज्ञासूचें समाधान होत नाहीं. हवा हलकी, तिनें वरून जावें. पाणी जड, त्यानें खालून वाहावें. दोघांनीं असें शेजारधर्मानें न येतां आळीपाळीनें, आणि तेंहि इतक्या दांडगाईनें, कां यावें?

प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. समुद्राच्या तळावरून शेंकडों किलोमीटर घातलेले तेलाचे व वायूचे नळ किती रुंद असावे, किती जाड असावे आणि किनाऱ्यावर त्यांचें तोंड कशांत उघडावें, हें याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतें. तें उत्तर म्हणजे नळाच्या पोटांत उठणारी एक लाट होय. तिची हकीकत प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खनिज तेलाच्या विहिरींतून केवळ तेल निघतें, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक जमिनीच्या पोटांतील प्रचंड दाबाखालीं तेलांत वायु विरघळलेला असतो. सोडावॉटरच्या बाटलीचें बूच काढतांच जसा फेंस उसळतो, तसा तो, तेल वर येऊन दाब उतरतांच, बाहेर पडतो. उलट ज्या विहिरी वायूच्या म्हणून ओळखल्या जातात, त्यांचा वायु थंड झाला कीं दंव पडावें तसें त्यांतून हलकें तेल व पाणी निथळूं लागतें. म्हणजे नळांत आरंभीं कोणीहि शिरो, थोडें अंतर गेल्यावर आंत प्रवासी दोन होतात.

याचें उदाहरण आपल्या दाराशींच आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर, अरबी समुद्राच्या तळाखालीं, १९७४ सालीं 'सागर सम्राट' या समुद्रांत विहिरी खोदणाऱ्या फलाटास तेल लागलें आणि १९७६ मध्यें त्याचें उत्पादन सुरू झालें. त्या क्षेत्रास आज मुंबई हाय म्हणतात. तेथें विहिरींचे लहान लहान फलाट समुद्रांत ठिकठिकाणीं उभे आहेत. त्यांच्या विहिरींतून निघालेलें तेल, वायु व पाणी यांचें मिश्रण समुद्रतळावरील नळांतून मोठ्या फलाटाकडे जातें; तेथें तेल व वायु निराळे केले जातात आणि निरनिराळ्या नळांनीं सुमारें २०० किलोमीटर दूर, रायगड जिल्ह्यांतील उरणच्या किनाऱ्यास येतात. फलाटावर निराळा काढलेला वायुहि या लांबच्या प्रवासांत, समुद्राच्या गारव्यानें, पुन्हां थोडेंफार द्रव आपल्या पोटांतून गाळीतच येतो.

आतां नळाच्या आंत डोकावूं. वेग अगदीं मंद असला तर हे दोन प्रवासी खरोखरच शहाण्यासारखे वागतात. दुमजली घरांत खालीं एक बिऱ्हाड व वर एक बिऱ्हाड नांदावें, तसें द्रव तळाशीं संथ वाहतें आणि वायु त्याच्या डोक्यावरून निघून जातो. दोहोंमधील पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असतो. वायूचा वेग जरासा वाढला कीं त्या आरशावर सुरकुत्या दिसूं लागतात. आणखी वाढला कीं सुरकुत्यांच्या लाटा होतात. तळ्यावर वारा सुटल्यावर दिसतें तेंच हें दृश्य, आणि कारणहि मुळांत तेंच.

हें कारण गणितानें प्रथम शोधणारे दोन पुरुष म्हणजे जर्मनीचे हेल्महोल्ट्स आणि स्कॉटलंडांतील ग्लासगोच्या विद्यापीठांतील विल्यम थॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले. हेल्महोल्ट्स यांचा निबंध १८६८ चा, थॉमसन यांचा १८७१ चा. १८७१ च्या उन्हाळ्यांत हेल्महोल्ट्स थॉमसन यांच्याकडे पाहुणे म्हणून गेले होते, आणि थॉमसन यांच्या शिडाच्या नौकेवर बसून दोघांनीं पाण्यावरील तरंगांची वेगमापनें केलीं. नौकेचें नांव 'लाला रूख'. टॉमस मूर या कवीच्या काव्यांतील औरंगजेबाच्या मुलीचें हें नांव. थॉमसन यांस मध्येंच कामासाठीं उतरून जावें लागलें, तेव्हां आपल्या गैरहजेरींत लाटांचें गणित पुढें न्यावयाचें नाहीं अशी ताकीद ते पाहुण्यांस देऊन गेले, असें सांगतात. एवढ्या थोर विद्वानांच्या मनांतहि खेळगड्यांची चढाओढ असते हें पाहून आम्हांस तर बरें वाटतें.

त्या दोघांचें म्हणणें सोपें करून सांगतां येतें. दोन कागद टोकांस धरून समोरासमोर लोंबकळते ठेवा आणि मधल्या फटींत फुंकर घाला. कागद दूर जातील अशी अपेक्षा असते; ते जवळ येतात. वाहत्या हवेचा दाब, तिचा वेग जेथें वाढतो तेथें, कमी होतो, हा डॅनिएल बर्नुली यानें १७३८ च्या आपल्या ग्रंथांत मांडलेला नियम. आतां पाण्यावर एक बारीकसा उंचवटा आहे असें समजा. त्याच्या माथ्यावरून जातांना वाऱ्यास जागा कमी पडते, म्हणून त्याचा वेग वाढतो. वेग वाढला म्हणून माथ्यावरील दाब उतरतो. दाब उतरला म्हणून उंचवटा वर ओढला जातो. शेजारच्या खळग्यांत नेमकें उलट घडतें. तेथें दाब वाढून खळगा खोल होतो. उंचवट्यास वर ओढणारी ही एक बाजू. दुसऱ्या बाजूस पाण्याचें वजन त्यास खालीं बसवूं पाहतें, आणि अगदीं बारीक तरंगांच्या बाबतींत पाण्याच्या पृष्ठभागाचा ताणहि वजनाच्या मदतीस येतो. ओढ वजनावर मात करूं लागली कीं लाट आपल्या आपणच वाढूं लागते. कारण ती जितकी उंच, तितकी वाऱ्याची वाट अरुंद आणि तितकी ओढ अधिक.

उघड्या पाण्यासाठीं थॉमसन यांच्या गणितानें वाऱ्याचा वेग सेकंदास सुमारें साडेसहा मीटर हवा. प्रत्यक्षांत याहून पुष्कळ मंद वाऱ्यानेंहि तळ्यावर लाटा उठतात. त्याचें कारण लाटेच्या आडोशास वाऱ्याचे भोंवरे होऊन तिला मागून रेटा बसतो, असें जेफ्रीज यानें १९२५ मध्यें सुचविलें, आणि त्या वादांत पुढें पुष्कळांनीं भर घातली. पण तो समुद्राचा विषय आहे. आपल्याला नळांतच राहावयाचें आहे.

कारण नळाला छप्पर आहे, आणि सारा फरक त्या छपरानें पडतो. तळ्यावरच्या लाटेस वर मोकळें आकाश. वारा तिच्यावरून हवा तितका उंच उठून जाऊं शकतो. नळांत वायूला द्रवाचा पृष्ठभाग आणि नळाचा माथा यांमधील फटींतूनच जावें लागतें. लाट बोटभर वाढली कीं फट बोटभर अरुंद होते. यामुळें नळ जितका अधिक भरलेला, तितका थोड्या वायुवेगानें अनर्थ होतो. पांच सेंटिमीटर रुंदीचा नळ पाण्यानें निम्मा भरला असून वरून साधी हवा जात असेल, तर लांब लाटांच्या जुन्या गणितानें सेकंदास सुमारें १४ मीटर वेग लागावा. वॉलिस व डॉबसन या दोघांनीं १९७३ मध्यें चौकोनी पाटांतून हवा-पाणी सोडून पाहिलें, तों गणितांतल्या वेगाच्या सुमारें निम्म्यांतच काम भागतें असें आढळलें. शिवाय वायु जितका दाबून दाट केलेला, तितका लागणारा वेग कमी. आणि समुद्रतळावरील नळांत वायु चांगलाच दाबलेला असतो.

लाट एकदां वाढूं लागली म्हणजे पुढें दोन वाटा फुटतात. १९७६ मध्यें तेल अवीवचे टायटेल आणि ह्यूस्टनचे डकलर यांनीं एका निबंधांत त्यांचा निवाडा मोठ्या चातुर्यानें केला. नळ निम्म्याहून कमी भरलेला असेल तर लाटेच्या माथ्यास छपरापर्यंत पोंचावयास पुरेसें द्रवच शेजारीं नसतें. वेगवान वायु तिला फांकवून नळाच्या भिंतीवर लिंपून टाकतो. द्रव भिंतीस पातळ सालीसारखें चिकटून सरकतें आणि मधून वायूचा झोत वाहतो. पण नळ निम्म्याहून अधिक भरलेला असेल तर लाट सरळ छपरास जाऊन टेंकते, आणि नळास बूच बसतें. वायूची वाट बंद! मागून येणारा वायु त्या बुचाच्या पाठीशीं दाटतो, आणि क्षणापूर्वीं रांगत चाललेलें द्रव वायूच्या वेगानें धांवूं लागतें. इंजिनियर मंडळी यास 'स्लग' म्हणतात. आपण लोंढा म्हणूं. घरच्या नळाचा खोकला तो हाच: लोंढा, मग कोंडलेली हवा, मग लोंढा.

लोंढ्याचें आयुष्य मोठें चमत्कारिक असतें. त्याच्या पुढें नळाच्या तळाशीं संथ द्रवाचा थर असतो. लोंढा आपल्या तोंडानें तो थर गिळीत जातो. त्याच वेळीं त्याच्या शेंपटाकडून द्रव गळून मागें राहतें. गिळणें गळण्याहून अधिक, तोंवर तो वाढतो. दोन्ही सारखीं झालीं कीं त्याची लांबी कायम होते. प्रयोगशाळेंतील बारीक आडव्या नळांत ही लांबी नळाच्या रुंदीच्या सुमारें तीसपट भरते. म्हणजे लोंढा हा एकच एक पाण्याचा गोळा नव्हे. नदीचें पात्र तेंच असून पाणी नवें असतें, तसें लोंढ्याचें रूप पुढें जातें आणि आंतलें द्रव मात्र सारखें बदलत असतें.

त्याच्या अंगीं किती बळ असतें त्याचा हिशेब कोणाहि मॅट्रिक झालेल्या मुलास करतां येईल. नळ ३० सेंटिमीटर रुंद, आंत तेल, वेग सेकंदास १० मीटर असें धरा. अशा नळांत काटकोनांत वळण असेल, तर लोंढा त्या वळणावर सुमारें ८०० किलोग्रॅम वजनाइतका रेटा देऊन जातो. त्याच्या मागून त्याच वेगानें येणारा वायु तेलाच्या चाळिसाव्या हिश्शाइतकाच दाट असेल, तर त्याचा रेटा २० किलोग्रॅम. एकदां आठशें, एकदां वीस, पुन्हां आठशें. असे धक्के रात्रंदिवस वर्षानुवर्षें बसत राहिले म्हणजे पोलादाचे सांधेहि शिणतात. एक तार घेऊन ती वारंवार इकडेतिकडे वांकविली असतां शेवटीं तुटते, तें तत्त्व येथेंहि लागू आहे.

आतांपर्यंत आम्ही नळ आडवा धरला. पण समुद्राचा तळ कांहीं सारवलेल्या अंगणासारखा सपाट नसतो, आणि या बाबतींत एक अंशाचा कलहि फार होतो. एक अंश म्हणजे किलोमीटरास सुमारें साडेसतरा मीटर. पायीं जाणाऱ्यास हा चढ जेमतेम जाणवेल. पण उतार असला कीं द्रव भरभर खालीं वाहतें, त्याचा थर पातळ होतो, आणि लाटेस छप्पर गांठतां येत नाहीं. चढ असला कीं तेंच द्रव मागें रेंगाळतें, थर जाड होतो, आणि शांत दुमजली प्रवाह जवळजवळ अशक्यच होतो. टेंकडीच्या अलीकडे शांत असलेला नळ पलीकडे शांत राहील याची हमी नाहीं.

सर्वांत मोठा चढ शेवटीं असतो. समुद्रतळावरून फलाटावर चढणारा उभा नळ. मुंबई हाय येथें पाण्याची खोली सुमारें ७५ मीटर आहे. नळांतला प्रवाह मंद असला तर या उभ्या नळाच्या पायथ्याशीं द्रव सांचून वायूची वाट बंद होते. द्रव वर चढत जातें. मागें वायु कोंडून राहतो. ७५ मीटर उंच तेलाचा खांब तोलावयास सुमारें सहा वातावरणांइतका अधिक दाब लागतो, तो सांचेपर्यंत फलाटावर कांहींच पोंचत नाहीं आणि तेथील माणसांस विहिरी आटल्याचा भास व्हावा. मग दाब पुरा होतो, वायूचा पहिला बुडबुडा पायथ्यांतून आंत घुसतो, खांब हलका होतो, हलका झाला म्हणून आणखी वायु घुसतो, आणि क्षणांत सारें तेल फलाटावरील टाकीवर कोसळतें. टाकी तुडुंब. नंतर वायूचा झंझावात, आणि पुन्हां शांतता. हा फेरा तासांतून कित्येकदां चालूं शकतो.

तेलाच्या नळांतील लाट पैसा खाते. वाफेच्या नळांतील लाट माणसेंहि खाते, म्हणून तिजविषयीं थोडें सविस्तर लिहितों. न्यूयॉर्क शहरांत १८८२ सालापासून रस्त्यांखालून नळांनीं वाफ पुरविली जाते. तीवर इमारती उबदार ठेवल्या जातात. १८ जुलै २००७ रोजीं सायंकाळीं, कचेऱ्या सुटण्याच्या वेळीं, लेक्सिंग्टन रस्त्याखालील असा एक नळ फुटला. तो १९२४ मध्यें घातलेला, साठ सेंटिमीटर रुंदीचा होता. वाफेचा व चिखलाचा स्तंभ गगनचुंबी इमारतींच्या बरोबरीनें उसळला. रस्त्यांत पडलेल्या विवरांत एक मोटारट्रक गेला. एका व्यक्तीचा अंत झाला, आणि अनेक जण जखमी झाले. २००१ च्या हल्ल्याची आठवण ताजी असल्यानें लोक सैरावैरा पळत सुटले.

चौकशीअंतीं कारण निघालें तें लाटेचें. वाफेच्या नळांत थोडें पाणी सदैव होतच असतें, आणि तें काढून टाकण्यास खालीं सापळे बसविलेले असतात. ते सापळे गळती बुजविण्यास वापरलेल्या लुकणाच्या तुकड्यांनीं तुंबले होते. त्या दिवशीं मुसळधार पाऊस पडून नळ बाहेरून गारठला, आणि आंत पाणी सांचत गेलें. थंड पाण्याच्या पृष्ठभागावर वाफ भराभर विरूं लागली कीं तिची जागा घेण्यास मागची वाफ धांवते. तें धांवणें म्हणजेच वारा, वारा म्हणजे लाट, आणि लाट छपरास टेंकली म्हणजे तिच्या पलीकडे वाफेचा एक खण कोंडला जातो. येथें तेलाच्या नळाहून गोष्ट निराळी होते. कोंडलेला वायु कोंडलेलाच राहतो. कोंडलेली वाफ नाहींशी होते. साध्या हवेच्या दाबाखालीं वाफेचें पाणी झालें तर तिचें आकारमान सुमारें सोळाशें पटींनीं घटतें. तो खण रिकामा होतो, आणि दोहों बाजूंचें पाणी त्या पोकळींत एकमेकांवर आदळतें. सेकंदास एक मीटर वेगाचें पाणी पोलादी नळांत एकाएकीं थांबलें तर दाब बारा-तेरा वातावरणांनीं चढतो, हें मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून झुकॉव्स्की यानें १८९८ च्या सुमारास दाखविलें होतें. वेग दसपट तर दाबहि दसपट. ऐंशी वर्षें वाफेचा भार सोसलेला नळ असा एक ठोसा सोसूं शकला नाहीं.

या लाटेस आधीं ओळखण्याची खटपट गेल्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. १९५४ मध्यें बेकर या अमेरिकन इंजिनियरानें एक नकाशा काढला: एका बाजूस वायूचें मान, दुसऱ्या बाजूस द्रवाचें, आणि मधल्या क्षेत्रांत कोणत्या संयोगांत कोणता प्रवाह त्याच्या सीमा. १९७४ मध्यें मंधाने, ग्रेगरी व अझीझ यांनीं सुमारें सहा हजार निरीक्षणांवरून नवा नकाशा बनविला. पण हे नकाशे बहुतेक बोटां-दोन बोटांच्या नळांतील हवा-पाण्यावर बेतलेले. ते हातभर रुंदीच्या, तेलाच्या नळास लावणें म्हणजे पोराच्या अंगरख्यावरून बापाचें माप घेण्यासारखें होतें. म्हणून नॉर्वेमध्यें ट्रॉनहाइमजवळ टिलर येथें १९८३ पासून वीस सेंटिमीटर रुंदीचा लांबलचक नळ व सुमारें पन्नास मीटर उंच मनोरा उभारून प्रयोग सुरू झाले, आणि त्यांच्या आधारें नळांतील प्रवाहाचें क्षणाक्षणाचें गणित करणारी 'ओल्गा' ही संगणकाची आज्ञावली घडविण्यांत आली. असल्या गणिताच्या भरंवशावर २००७ मध्यें नॉर्वेनें उत्तरेस स्नोव्हिट क्षेत्राचा वायु, समुद्रावर एकहि फलाट न बांधतां, १४३ किलोमीटर लांबीच्या नळानें द्रवासकट किनाऱ्यास आणला. लाट समजली नसती तर हें साहस कोणीं केलें नसतें.

समजली तरी ती नाहींशी होत नाहीं. म्हणून नळ जेथें किनाऱ्यास लागतो तेथें लोंढे झेलण्याची व्यवस्था करावी लागते. उरणला ती आहे, आणि वसई क्षेत्राचा वायु गुजरातेंत हजिरा येथें उतरतो तेथेंहि आहे. पुष्कळ ठिकाणीं ती जाडजूड, किंचित् उतरत्या, शेजारीं शेजारीं मांडलेल्या लांब नळांची रांग असते. लोंढा त्यांत पसरून मंदावतो, द्रव खालीं बसतें, वायु वरून निघतो. ७५ सेंटिमीटर रुंदीच्या नळांतून अर्धा किलोमीटर लांबीचा लोंढा आला, तर त्यांत सव्वादोन लक्ष लिटरांजवळ द्रव असतें. दहा हजार लिटरांच्या बावीस टँकरांइतका हा पाहुणा न सांगतां दाराशीं येतो. कांहीं नळांतून अधूनमधून नळाच्या मापाचा एक गोळा सोडून सांचलेलें द्रव पुढें ढकलवितात. या गोळ्यास तेलाच्या धंद्यांत 'पिग', म्हणजे डुक्कर, म्हणतात. नांव ऐकून कोणीं नाक मुरडूं नये, काम तो झाडूवाल्याचें करतो.

खरी पंचाईत नळाची रुंदी ठरवितांना होते. रुंद नळ घातला तर वायूचा वेग मंदावतो, तो द्रवास ओढून नेत नाहीं, तळाशीं सांचत जातें आणि एके दिवशीं तें सारें लोंढा होऊन येतें. अरुंद घातला तर घर्षणांत दाब वायां जातो. आणि नळ घालतांना केलेला हिशेब विहिरीच्या तारुण्याचा असतो. वर्षें लोटतात तसा विहिरीचा दाब उतरतो, वायूचा वेग घटतो, तेलाबरोबर पाण्याचा वाटा वाढतो. ज्या नळांत आरंभीं लोंढ्याचें नांव नव्हतें, तो म्हातारपणीं खोकूं लागतो. तळावरचा नळ बदलणें परवडणारें नसतें. मग फलाटावरील झडप थोडी मिटवून आंत दाब धरून ठेवतात, किंवा उभ्या नळाच्या पायथ्याशीं थोडा वायु मुद्दाम सोडून तेलाचा खांब हलका करतात. झडप फार मिटली तर विहिरीचें उत्पन्न घटतें. फार उघडली तर लोंढे परततात. मधली जागा दर नळाची निराळी, आणि विहीर जुनी होते तशी तीहि सरकत जाते. म्हणून पुष्कळ ठिकाणीं आतां ही झडप माणसाच्या हातीं न ठेवतां, पायथ्याचा दाब घडोघडीं मोजून तीस हालविणाऱ्या यंत्राकडे सोंपविली आहे.